कमला खान आमच्या घरी

८ जून २०२२ रोजी 'मिस मार्व्हल' मालिकेचा पहिला भाग आला, त्या दिवसांत आमच्या वडनेर भोलजीत सगळ्यांची नजर आभाळाकडे लागलेली होती. पेरणीची तयारी झालेली आणि पावसाचा पत्ता नाही. अशा वेळी अमेरिकेतल्या एका मुलीच्या अंगात शक्ती आली की नाही, याची फिकीर कोणाला? पण सुट्टीला आलेल्या भाच्या ऐकेनात. ईशाच्या नमाजनंतर लोणच्याच्या बरणीला मोबाइल टेकवला आणि आम्ही सगळ्या भोवती बसलो.

नाव ऐकताच अम्मींच्या हातातली तसबीह थांबली. "कमला? आणि पुढे खान?" मराठी मुलखात उभा जन्म गेलेल्या बाईला हा प्रश्न पडणारच. आपल्याकडे कमला म्हटले की कमळ आठवते, लक्ष्मी आठवते. हे नाव 'कमाल'वरून आले आहे, असे भाचीने समजावले. "कमालच आहे," अम्मी म्हणाल्या आणि मणी पुन्हा सरकू लागले.

कमला सोळा वर्षांची, जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानातून तिकडे गेलेल्या आईवडिलांची मुलगी. अभ्यासापेक्षा चित्रे काढण्याचे आणि कॅप्टन मार्व्हलचे वेड जास्त. कराचीहून नानीने पाठवलेल्या जुन्या सामानात तिला हातातले एक कडे सापडते आणि तिथून पुढची गोष्ट घडते. मार्व्हलच्या चित्रकथांत ती २०१३ मध्येच आली होती. तिला घडवणाऱ्यांत संपादक सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन होत्या, दोघीही मुस्लिम. मालिकेत कमला झालेली इमान वेलानी कराचीत जन्मली आणि कॅनडात वाढली. आईची भूमिका झेनोबिया श्रॉफ यांनी केली आहे, तर वडिलांची मोहन कपूर यांनी.

मालिका सुरू होताच समीक्षकांनी भरभरून कौतुक केले. चित्रकथांचे जुने वाचक मात्र नाराज झाले. चित्रकथेतल्या कमलाचे हातपाय लांबतात, अंग वाढते. इथे त्याऐवजी तिच्या हातातून प्रकाश निघतो. ही तक्रार आम्हाला समजते. पण इंटरनेटवर अनेकांनी घाईघाईने एकच तारा देऊन टाकला, त्यांचा राग प्रकाशावर नसावा. पाकिस्तानात तर ही मालिका दाखवणारी सेवाच नव्हती, म्हणून तिथे ती चित्रपटगृहांत लावली गेली.

आमच्या घरात मतभेद झाले ते पहिल्या भागातल्या एका प्रसंगावरून. ॲव्हेंजर्सच्या चाहत्यांचा मेळा रात्री असतो. मुलीला एकटीला पाठवायला आईवडील तयार नसतात. मग वडील स्वतः हिरवा रंग फासून हल्क होतात, मुलीसाठीही तसाच हिरवा पोशाख तयार ठेवतात. बाप-लेक मिळून जायचे! मुलगी लाजेने नको म्हणते आणि त्या माणसाचा चेहरा उतरतो. भाच्या खो खो हसल्या. आम्हाला हसू आले नाही. कॉलेजच्या कार्यक्रमाला मलकापूरला जायचे, तर अब्बा एसटीत आमच्या सोबत बसत आणि कार्यक्रम संपेपर्यंत फाटकाबाहेर थांबत. मैत्रिणींना आम्ही ते "ओळखीचे काका" म्हणून सांगितले होते.

शेजारच्या चाचींना खिडकीतून रात्री पळून जाणारी मुलगी मुळीच आवडली नाही. "हे शिकवता का पोरींना?" त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पण १३ सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला, तेव्हाही मोठ्यांना अशीच काळजी होती. अंगणात गरगर फिरून आम्ही किती गुडघे फोडले! शक्तिमान हा पंडित गंगाधर शास्त्री असतो, पण खेळात आमच्यापैकी कोणालाही त्याची अडचण झाली नाही. आता शेजारच्या वाड्यातली मुलगी कमला खान व्हायला तयार होईल का, हा विचार त्या रात्री मनात येऊन गेला.

दुसऱ्या आठवड्यातल्या भागाने वेगळाच विषय काढला. कमलाची हिजाब घालणारी मैत्रीण नाकिया मशिदीतल्या बायकांच्या जागेची दुरवस्था पाहून वैतागते आणि मशिदीच्या मंडळाची निवडणूक लढवायचे ठरवते. थोरल्या भाचीने मोबाइल थांबवला. "मशिदीत बायकांसाठी जागा असते?" आम्ही सांगितले, पुण्याच्या एका जोडप्याने २०१९ मध्ये याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आहे. स्त्रियांना मशिदीत नमाज पढायला मनाई नाही, असे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही २०२० मध्ये न्यायालयाला कळवले. "मग आपण कधी गेलो नाही ते?" ती म्हणाली. आम्ही अम्मींकडे पाहिले, अम्मींनी मोबाइलकडे. भाग पुढे सुरू झाला.

बकरी ईदनंतर, १३ जुलैला सहावा आणि शेवटचा भाग आला. तोवर पाऊस लागला होता. लढाया सुरू झाल्या की अम्मी पेंगत. त्यांना एवढेच जाणून घ्यायचे होते की पोरीने आईला खरे सांगितले की नाही. शेवटी आईच कमलाला नवा पोशाख आणून देते आणि ती तो घालून बाहेर पडते, तेव्हा अम्मी सरसावून बसल्या.

"मग पहिल्याच दिवशी आईला सांगितलं असतं, तर कपड्याला एवढे दिवस लागले असते का?"