झाडाची चूल कुठे असते?



वसतिगृहाच्या कामाविषयी मंडळ्यांमध्ये बोलताना एक प्रश्न हमखास येतो. मुलांचे जेवण, गणवेश, औषधपाणी यांचा खर्च समजतो. पण संध्याकाळच्या अभ्यासवर्गात विज्ञानाचे प्रयोग कशाला? ते शाळेत शिकवतातच ना? प्रश्न रास्त आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना हटकून अडणारा एक विषय घेऊन या अंकात त्याचे उत्तर देत आहे. तो विषय म्हणजे प्रकाशसंश्लेषण, आणि त्याला लागूनच येणारी अन्नसाखळी.

आपल्या पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यातली मुले वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी अशा घरांतून येतात. घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. त्यात ‘प्रकाशसंश्लेषण’, ‘हरितद्रव्य’, ‘पर्णरंध्रे’ हे शब्द तर शहरातल्या मराठी मुलांनाही परके वाटतात. शब्द कळला नाही की मूल गप्प बसते. गप्प बसलेले मूल ‘कच्चे’ ठरते. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली आहे. पुनर्परीक्षेतही पास न झालेल्या मुलाला त्याच वर्गात बसावे लागते. दिवाळीनंतर अनेक घरे वीटभट्टीवर कामाला निघतात. वर्गात मागे राहिलेल्या मुलाने आईबापांबरोबर भट्टीचा रस्ता धरायला फारसा वेळ लागत नाही. म्हणून हा धडा नीट कळणे ही केवळ चार गुणांची गोष्ट नाही.

मुले काय सांगतात?

“झाड काय खाते?” असे विचारले की बहुतेक मुले सांगतात, “माती, पाणी आणि खत.” आपल्यापैकी अनेक जण हेच सांगतील. आपल्या मुलांकडे तर त्याचा पुरावाही असतो. भाताच्या पेरणीआधी घरची माणसे पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून राब भाजतात. भाजलेल्या जागेतले रोप जोमाने येते. म्हणजे राख हेच रोपाचे अन्न झाले, असे ती म्हणतात.

हे उत्तर चुकीचे म्हणून खोडून टाकले तर मूल पुन्हा गप्प होईल. म्हणून आधी त्यातले खरे काय ते मान्य करायचे. राखेतून पालाश आणि चुना मिळतो, उष्णतेने तणाचे बी जळते. हे सगळे रोपाला उपयोगीच आहे. मात्र या गोष्टी भाकरीबरोबरच्या मिठासारख्या आहेत. मिठावाचून जेवण अडते, पण नुसत्या मिठाने पोट भरत नाही. मग झाडाची भाकरी कोणती, आणि ती भाजणारी चूल कुठे?

येथे फान हेल्मोंट नावाच्या ब्रसेल्सच्या वैद्याची गोष्ट सांगतो. त्याने सुमारे ९० किलो कोरडी माती मोठ्या कुंडीत घेतली आणि त्यात सव्वादोन किलोचे वाळुंजाचे रोप लावले. ५ वर्षे त्याला फक्त पाणी घातले. शेवटी झाड भरले सुमारे ७६ किलो. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम ५७ ग्रॅमने घटलेली. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापला गेला. आकडे फळ्यावर मांडून मुलांना विचारायचे : मातीतून गेले ५७ ग्रॅम, झाडात आले सत्तर किलोंहून जास्त. हे वजन आले कोठून?

मुले म्हणतात, “पाण्यातून.” फान हेल्मोंटनेही तेच म्हटले होते. उत्तर अर्धे बरोबर आहे. दुसरा वाटा हवेचा आहे, आणि तो दिसत नाही म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही.

पाळकांनी लावलेला हातभार

हवेचा वाटा शोधून काढणाऱ्यांमध्ये तीन पाळक होते, ही गोष्ट मंडळीतल्या अनेकांना ठाऊक नसते. इंग्लंडमधील टेडिंग्टनचे पाळक स्टीफन हेल्स यांनी १७२७ साली छापलेल्या पुस्तकात, झाड आपल्या पोषणाचा काही भाग हवेतून घेत असावे, असे मांडले. लीड्सचे पाळक जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये, मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. यान इंगेनहाउस या डच डॉक्टरने १७७९ मध्ये दाखवून दिले की हे काम झाडाचे हिरवे भागच करतात, आणि तेही उजेडातच. जिनिव्हाचे पाळक झाँ सेनेबिए यांनी १७८२ मध्ये त्यासाठी कार्बन डायऑक्साइड लागतो, हे सिद्ध केले.

आज पुस्तकात जी व्याख्या एका ओळीत येते, ती जुळायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. पान हवेतून कार्बन डायऑक्साइड घेते, मुळे पाणी पुरवतात, पानातले हरितद्रव्य सूर्यप्रकाशातली ऊर्जा पकडते आणि त्यातून साखर तयार होते. कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू आणि पाण्याचे ६ रेणू मिळून ग्लुकोजचा १ रेणू आणि ऑक्सिजनचे ६ रेणू, असा त्याचा हिशेब आहे. हवेच्या १०,००० भागांत कार्बन डायऑक्साइड असतो साधारण ४ भाग. तेवढ्यावर सागाचा सोट उभा राहतो, हे कळले की मुले झाडाकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

पानातली भाकरी

ऐकलेले विसरते, केलेले राहते. म्हणून दोन प्रयोग आम्ही मुलांच्या हाताने करून घेतो.

पहिला बुडबुड्यांचा. ओढ्यातून किंवा तळ्यातून हायड्रिला ही पाणवनस्पती आणायची. पाण्याच्या भांड्यात तिच्यावर काचेचे नरसाळे पालथे घालायचे आणि त्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी उपडी ठेवायची. भांडे उन्हात ठेवले की थोड्या वेळात बुडबुडे वर चढू लागतात. एका मिनिटात किती, ते मुले मोजतात. मग भांडे सावलीत नेतात आणि पुन्हा मोजतात. आकडा घटतो. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून उन्हात ठेवले की तो वाढतो, कारण सोड्यातून वनस्पतीला जास्त कार्बन डायऑक्साइड मिळतो. उजेड आणि हवा या दोन्हींचा वाटा मुलांनी स्वतः मोजलेला असतो.

दुसरा प्रयोग आयोडीनचा. औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर आयोडीन पाण्यात घालून फिकट चहाच्या रंगाचे करायचे. त्याचा थेंब भातावर, भाकरीच्या तुकड्यावर, उकडलेल्या बटाट्यावर टाकायचा. सगळीकडे निळसर काळा डाग पडतो. हा डाग म्हणजे स्टार्चची, पिष्टमय पदार्थाची खूण.

आता कुंडीतले एक झाड २ दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवायचे, म्हणजे पानात साठलेला स्टार्च संपतो. मग त्याच्या एका पानावर काळ्या कागदाची पट्टी दोन्ही बाजूंनी लावून झाड चार-पाच तास उन्हात ठेवायचे. पान तोडून पट्टी काढायची, ते उकळत्या पाण्यात मऊ करायचे आणि मग स्पिरिटमध्ये घालून गरम करायचे. स्पिरिट चटकन पेट घेते. म्हणून त्याची नळी आचेवर कधीच धरायची नाही. स्टोव्ह विझवून गरम पाण्याच्या भांड्यातच ती ठेवायची, आणि हे काम मोठ्या माणसानेच करायचे. हिरवा रंग उतरला की फिकट पान पाण्यात धुऊन त्यावर आयोडीन टाकायचे. उन्हाने न्हालेला भाग निळा-काळा होतो. पट्टीखालचा भाग फिकटच राहतो.

भाकरीवरचा डाग आणि पानावरचा डाग एकाच रंगाचा! झाडाची चूल कुठे, याचे उत्तर मुलांनाच मिळते. पान ही चूल, ऊन हे तिचे सरपण. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द फळ्यावर लिहायचा तो यानंतर. आधी मुलांनी आपल्या बोलीत एकमेकांना सगळे समजावून सांगायचे, मग पुस्तकातला शब्द. गोष्ट आधी कळलेली असली की अवघड शब्द तिचे नाव म्हणून सहज बसतो.

बाण कोणाकडे?

अन्नसाखळीत आपली मुले शहरातल्या मुलांच्या पुढे असतात. भाताचे खाचर त्यांना पुस्तकाहून जास्त ठाऊक आहे. भाताची पाने नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, बेडकाला धामण आणि धामणीला सर्पगरुड. भात हा उत्पादक, बाकीचे भक्षक. मेल्यावर सगळ्यांना मातीत मिळवणाऱ्या बुरशी आणि सूक्ष्मजीव हे विघटक. नावे नवी, प्राणी ओळखीचे.

अडचण येते बाणाची. धामण बेडूक खाते, म्हणून मुले धामणीकडून बेडकाकडे बाण काढतात आणि परीक्षेत गुण जातात. बाण कोण कोणाला खातो ते दाखवत नाही. अन्न आणि त्यातली ऊर्जा कोणाकडे जाते, ते दाखवतो. “भाकरी ज्याच्या पोटात गेली, त्याच्याकडे बाणाचे टोक,” एवढे सांगितले की बहुतेक मुलांचा गोंधळ मिटतो.

मग विचारायचे, खाचरात नाकतोडे अगणित, बेडूक पुष्कळ, पण आकाशात सर्पगरुड एखादाच का? यासाठी पाण्याचा खेळ आहे. एका मुलाकडे १ लिटर पाणी, तो भात. तो नाकतोड्याला त्यातले १०० मिलिलिटर देतो. नाकतोडा बेडकाला १० मिलिलिटर, बेडूक धामणीला १. सर्पगरुडाच्या वाट्याला दोनच थेंब. अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड लिंडेमन यांनी १९४२ मध्ये ऊर्जेच्या या प्रवासाचा पाया घातला. पुढच्या पायरीवर साधारण दहावा भागच पोहोचतो, असे ढोबळमानाने मानतात. उरलेली ऊर्जा हालचालीत, श्वसनात आणि अंगाच्या उष्णतेत खर्च होते, काही न पचता विष्ठेत जाते. गरुडाला दोन थेंब मिळावेत म्हणून खाली किती शेत लागते, ते मुले स्वतःच हिशेबाने सांगतात.

एक कडी तुटली की

या धड्याचा शेवट आम्ही घरच्या अभ्यासाने करतो : आजोबांना विचारून या, गावाबाहेर मेलेल्या गुरावर पूर्वी कोण उतरत असे? गिधाडे, हे उत्तर येते. आणि आता? भारतात १९९० च्या दशकात गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत तर शंभरातली नव्याण्णवहून अधिक गेली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि मूत्रपिंड निकामी करते, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. २००६ मध्ये गुरांसाठी त्याचा वापर भारतात बंद करण्यात आला. गिधाडांना मारावे असे कोणाच्याही मनात नव्हते. औषध साखळीतून पुढे सरकत गेले, एवढेच.

मग बोलणे आपोआप घराकडे वळते. मासे पटकन मिळावेत म्हणून ओढ्यात टाकलेले कीटकनाशक, फवारणीच्या रिकाम्या डब्यात भरलेले पिण्याचे पाणी. विष ज्या वाटेने जाते ती आता मुलांना बाणासकट काढता येते. सुट्टीत घरी गेलेले मूल तो रिकामा डबा आईला वापरू देत नाही, तेव्हा हा धडा परीक्षेच्या पलीकडे गेलेला असतो.

प्रियजनहो, यासाठी लागते ते फार नाही : परीक्षानळ्या, काचेची नरसाळी, टिंक्चर आयोडीन, स्पिरिट, चार-पाच भिंगे आणि एक तराजू. आपल्या मंडळीत निवृत्त विज्ञान शिक्षक असतील, तर त्यांनी सुट्टीत आठवडाभर आमच्याकडे राहायला यावे, अशी खास विनंती. साहित्य विकत मिळते. शेजारी बसून “तुला काय वाटते?” असे विचारणारे माणूस मात्र कोणीतरी आपणहून यावे लागते. येत्या परीक्षेला बसणाऱ्या आमच्या आठवीच्या मुलामुलींना आपल्या प्रार्थनेत आठवा.