सागरतळीचा सावध अतिथी

खोल समुद्राच्या तळाशी काय नांदते हे जाणण्यासाठी जहाजावरून लोखंडी चौकटीचे जाळे सोडून ते तळ खरवडीत न्यावे आणि वर आलेल्या चिखलातून चेंगरलेले जीव वेचावेत, ही शास्त्रज्ञांची जुनी वहिवाट. गावाची खानेसुमारी करण्यासाठी त्यावरून नांगर फिरवावा, तसलाच हा प्रकार! अमेरिकेतील वुड्स होल संस्थेच्या दिमतीस १९६४ साली आलेल्या ‘अ‍ॅल्विन’ या तीन माणसांच्या पाणबुडीने निराळा रिवाज पाडला. १९७७ साली गालापागोस बेटांनजीक, सुमारे २,५०० मीटर खोलीवर, सूर्यप्रकाशावाचून केवळ भूगर्भातून उसळणाऱ्या उष्णोदकातील रसायनांवर पोसलेली जीवसृष्टी दृष्टीस पडली, तेव्हा ती गवाक्षातून शांतपणे न्याहाळून, यांत्रिक हाताने नेमका हवा तोच जीव उचलणे शक्य झाले.

इतकी सावधगिरी कशासाठी? १९६८ साली हीच पाणबुडी दोर तुटून बुडाली; माणसे बचावली, पण त्यांची शिदोरी आतच राहिली, आणि सुमारे दहा महिन्यांनी पाणबुडी १,५०० मीटरांवरून वर काढली, तेव्हा आतली सँडविचे भिजलेली, परंतु जवळजवळ शाबूत निघाली. जेथे अन्नालाही कुजण्याची घाई नाही, तेथे उमटलेला ओरखडा बुजण्यास किती काळ लागेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. अर्थात ‘अ‍ॅल्विन’ही अगदीच निष्कलंक नव्हे; वर येताना ती आपली पोलादी वजने तळाशीच टाकून येते.