कोयता, खाडा आणि गर्भाशय

आरोग्य व्यक्तीचे असले, तरी ते कोणाच्या वाट्याला किती यावे हे बहुतांशी समाजरचनाच ठरवीत असते. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ व विधिज्ञ डोरोथी रॉबर्ट्स यांनी १९९७ साली ‘किलिंग द ब्लॅक बॉडी’ या ग्रंथात कृष्णवर्णीय स्त्रियांविषयी हेच दाखवून दिले. गुलामगिरीत त्यांची अपत्ये मालकाची मालमत्ता होती. पुढे त्यांच्याच नसबंदीसाठी शासनयंत्रणा सरसावली. दोन्ही वेळा निर्णय दुसऱ्याचा होता.

मराठवाड्याला हा प्रश्न परका नाही. छत्रपती संभाजीनगर विभागातील बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो मजूर ऊसतोडीस जातात. त्यांत वंजारी, बंजारा व दलित कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जे आकडे आले ते सुन्न करणारे होते. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय आधीच्या दहा वर्षांत काढले गेले होते; म्हणजे दर सहा जणींत एक! देशभरात हे प्रमाण १५ ते ४९ वयोगटात २०१५-१६ साली शेकडा तीनच्या आसपास होते.

या स्त्रियांनी संमती दिली होती, असे यावर सांगितले जाते. परंतु त्या संमतीमागची परिस्थिती पाहिली पाहिजे. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो आणि मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते. एक दिवस चुकला की ‘खाडा’ पडतो, दंड होतो. फडावर ना पाणी, ना शौचालय, ना आडोसा. त्यातून जंतुसंसर्ग होतो. सरकारी दवाखाना दूर, खासगी डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो. अशा वेळी पाळीची कटकट कायमची संपविणे हाच शहाणपणा वाटतो. पुढे हाडांची झीज व कंबरदुखी सोबतीला येते, आणि शस्त्रक्रियेचे कर्ज फेडण्यासाठी पुन्हा उचल घ्यावी लागते.

बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेस जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमती आवश्यक करण्यात आली, हे योग्यच झाले. मात्र डॉक्टरवर अंकुश ठेवल्याने खाड्याचा दंड सुटत नाही. आजारपणात व पाळीत हक्काची रजा, फडावर पाणी व शौचालय आणि या सर्वांसाठी साखर कारखान्यांवर कायदेशीर दायित्व, एवढे झाल्याखेरीज हा प्रश्न सुटणार नाही. नकार देणे ज्या स्त्रीला परवडतच नाही, तिच्या होकाराला संमती म्हणणे ही समाजाने स्वतःची केलेली फसवणूक आहे.