पालीचा भंडारा आणि दीड लाखाची बॉडी

पौषात पालीच्या खंडोबाचं म्हाळसेशी लग्न लागतं, त्या दिवशी कऱ्हाड तालुक्यातल्या या गावात तारळीकाठची हवाच पिवळी होते. यळकोटाच्या गजरात मुठी भरभरून भंडारा उधळला जातो आणि सातारा-सांगलीकडचे फोटोग्राफर फोटो काढता काढता कॅमेरा वाचवत असतात. हळदीचा बाजार सांगलीचा, तिला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हळद लेन्समध्ये शिरते कशी हे शिकायचं तर पालीलाच यावं.

झूम फिरवला की बऱ्याच लेन्सची पुढची नळी बाहेर येते. आतली पोकळी वाढते आणि लोहाराच्या भात्यासारखी बाहेरची हवा आत ओढली जाते. हवेबरोबर भंडाराही. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्यामुळे लेन्स काढली की बहुतेक मॉडेलांत सेन्सर थेट उघडा पडतो. म्हणून जाणता माणूस सकाळी एक लेन्स चढवतो ती घरी येईपर्यंत काढत नाही. पुढे यूव्ही फिल्टर, वर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला रबरबँड. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. कापड सगळ्यात शेवटी. एका वर्षी मी शहाणपणा करून गर्दीतच लेन्स बदलली. त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत आभाळात ठरलेल्या जागी सात डाग होते. बॉडी तेव्हा कोरी करकरीत, हप्ते चालू.

‘कुठला कॅमेरा घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, ‘फोटो अडतोय कुठे?’ बहुतेकांना हा प्रश्न आवडत नाही.

लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्याचा फोटो बहुतेक वेळा उजेडाशी अडतो. तालुक्याच्या मंगल कार्यालयात वधूवरांच्या मागे झगमगाट आणि चेहऱ्यावर अंधार. यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे फुल फ्रेम. हिशेब करून बघू. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा, नेहमीचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६ चा. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडं जास्त. तेवढ्या पटीने जास्त उजेड गोळा होणार. त्यासाठी दीड-दोन लाख. आता जुन्याच बॉडीवरची किट लेन्स बघा. ५५ मिलिमीटरला ती एफ/५.६ च्या वर उघडत नाही. तिथे दहा-पंधरा हजारांची ५० मिलिमीटर एफ/१.८ लावली, तर उजेड नऊ पटींहून जास्त. अर्थात १.८ ला नवरीचे डोळे लख्ख येतात आणि अर्धा हात मागे उभा असलेला नवरदेव पुसट होतो. मग २.८ वर यावं लागतं. तरीही किट लेन्सच्या चौपट उजेड हाती राहतोच.

मेगापिक्सेलचंही तसंच. संख्या दुप्पट झाली तरी फोटोची लांबी-रुंदी जेमतेम १.४ पटीने वाढते. करिज्मा अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान ३०० डीपीआयने छापायला १९-२० मेगापिक्सेल लागतात, आणि तेवढे २००८ साली आलेल्या कॅननच्या ५डी मार्क टू मध्येही होते. पार्टी तर फोटो आधी व्हॉट्सॲपवर मागते.

तरी नव्या बॉडीला सरसकट नावं ठेवणारे मला पटत नाहीत. मंगलाष्टका संपतात, अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, हार घातले जातात. हे सगळं काही सेकंदांचं. भटजींना ‘पुन्हा एकदा’ म्हणता येत नाही. डोळा शोधून धरून ठेवणारा नवा ऑटोफोकस इथे खरंच पैसे वसूल करतो. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरवणारी सोयही तशीच. कार्ड उडालं म्हणून दुसऱ्यांदा लग्न लागत नाही.

मात्र नवी वस्तू नवं दुखणंही आणते. आवाज नको म्हणून मिररलेसवर इलेक्ट्रॉनिक शटर लावलं आणि कार्यालयात स्वस्तातले एलईडी असले, की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची. असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला ते कळत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांचा सेन्सर मात्र ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे काही ओळी दिवा मंद असतानाच्या निघतात. इलाज फुकट आहे : मेकॅनिकल शटर आणि १/१०० चा वेग. हे ठाऊक नसल्यामुळे चांगल्या बॉडीची विक्री काढणारे मी पाहिले आहेत.

कास पठारावर सगळा हिशेबच उलटा होतो. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर, आणि त्यात सप्टेंबरला सीतेची आसवं. निळसर जांभळं, करंगळीच्या नखाएवढं फूल. माती कसाची नाही म्हणून ही वनस्पती ओल्या मातीतल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून खाते. फूल प्रत्यक्षाएवढ्याच आकारात सेन्सरवर उतरवायचं, तर फुल फ्रेमला एफ/८ वर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. एफ/१६ वर दोन. त्यापुढे प्रकाश पसरून सगळंच मऊ पडायला लागतं. हे गणित पैशाने बदलत नाही.

मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम. नसेल तर ५० मिलिमीटरच्या मागे २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावा, फूल निम्म्या आकारात उतरतं. ट्यूबमध्ये काचच नसते, नुसती पोकळ नळी. ढगांनी उजेड आधीच गाळून दिलेला असतो. ठरलेली वाट सोडायची नाही. चांगला कोन मिळावा म्हणून फुलांवर आडवे पडणारे बघितले की त्यांच्या लेन्सची किंमत आठवून आणखी राग येतो.

उरतो तो वारा. वाटेच्या कडेला गुडघे टेकून, फोकस मॅन्युअल करून, कोपरं पोटाशी धरून थांबायचं. वारा पडायला लागला की आधी गवताची पाती थांबतात, मग गेंदाचे पांढरे गोळे. सीतेच्या आसवांचा देठ त्यानंतरही जरा वेळ थरथरत राहतो. तो थांबला की दोन, फार तर तीन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी विचारतं, ‘कितीला घेतला हो कॅमेरा?’