कोंडलेल्या जीवाची ऊब

सर्पाचे नाव काढताच वडीलधाऱ्यांचा हात क्रूसाची खूण करण्यास उचलतो, हे आम्ही जाणतो. परंतु अमेरिकेत व इंग्लंडात कित्येक कुटुंबे कॉर्न स्नेक नावाचा बिनविषारी सर्प काचेच्या पेटीत हौसेने पाळतात. ह्या जीवाला स्वतःच्या देहात पुरेशी ऊब निर्माण करता येत नाही. रानात तो उन्हात पडून राहतो, तापला की सावलीत सरकतो. पेटीत ऊन कोठले? म्हणून पेटीचे एक टोक सुमारे ३० अंश सेल्सिअस उबदार ठेवतात, दुसरे २४ अंशांच्या आसपास. ऊब उणी पडली तर गिळलेले भक्ष्य पचत नाही. अधिक झाली तर अंग भाजते. यास्तव उष्णतेस आवर घालणारा थर्मोस्टॅट लावावाच लागतो.

आपल्या देशात रानातील सर्प धरून पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आडकाठी आहे, आणि ती योग्यच होय. तथापि बोध आपणांसही आहे. ज्या जीवाला आपण कोंडतो, त्याचे ऊन आपण हिरावून घेतो. त्याची भरपाई करणे आपल्याच माथी येते. परमेश्वराने प्राणिमात्रांवर मनुष्यास सत्ता दिली ती सांभाळण्यासाठी. प्रिय वाचकहो, थंडीच्या दिवसांत सायंप्रार्थना आटोपल्यावर गोठ्याकडे व खुराड्याकडे एक फेरी अवश्य घालावी.