पाटीवरील शब्द आणि कायदा

मुलाचे नाव काय ठेवावे, यात सरकार पडत नाही. ती आत्याबाईंची बाब. दुकानाच्या नावाचे मात्र तसे नाही. पोलादपूर तालुक्यातील कापडे गावचा एखादा तरुण मुंबईची नोकरी सोडून गावी परतला आणि साठविलेल्या पैशांतून त्याने धंदा काढावयाचे ठरविले, असे आपण क्षणभर धरून चालू. पाटी रंगविणाऱ्याकडे जाण्यापूर्वी कोणते शब्द त्याने टाळावेत आणि ते का, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

त्याच्या मनात पहिले नाव येईल ते शिवछत्रपतींचे. त्यात नवल नाही. एका अंगाला रायगड, दुसऱ्या अंगाला प्रतापगड, आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ तर याच तालुक्यातले. परंतु येथे 1950 चा बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा कायदा आडवा येतो. त्याच्या अनुसूचीतील नावे केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून धंद्यासाठी वापरता येत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी ही नावे त्या यादीत आहेत. राष्ट्रध्वज आहे, आणि सरकारचा आश्रय असल्याचा भास निर्माण करणारे नावही आहे.

बरे, चुलत्याला भागीदार घेऊन त्याने 'रॉयल' असे नाव योजिले तर? 1932 च्या भागीदारी कायद्यात 'क्राऊन', 'इम्पीरियल', 'किंग', 'क्वीन', 'रॉयल' हे शब्द पेढीच्या नावात राज्य सरकारच्या संमतीवाचून वर्ज्य ठरविले आहेत. साम्राज्य 1947 साली गेले. त्याच्या शब्दांवरील पहारा मात्र कायद्यात राहून गेला!

आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणाऱ्या प्रवाशांसाठी कोणी मद्याचे दुकान काढले, तर त्याला 'प्रतापगड' म्हणता येणार नाही. महापुरुषांची व गडकिल्ल्यांची नावे अशा दुकानांना देण्यास महाराष्ट्राने 2022 मध्ये बंदी केली.

येथवर प्रश्न मानाचा होता. यापुढचा प्रश्न पैशाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. 1949 च्या बँकिंग नियमन कायद्यानुसार, जी संस्था बँक नाही तिला आपल्या नावात 'बँक' हा शब्द घालता येत नाही. सहकारी संस्थांबाबत हा निर्बंध 2020 च्या दुरुस्तीने अधिक कडक झाला, तरी काही संस्था तो शब्द वापरीत असल्याचे रिझर्व्ह बँकेला नोव्हेंबर 2021 मध्ये जाहीरपणे सांगावे लागले.

एका शब्दासाठी एवढा आग्रह का? महाड-पोलादपूरकडील कितीतरी घरांत पैसा आला तो मुंबईच्या कमाईतून. गिरणीत किंवा गोदीत आयुष्य घालविलेला माणूस निवृत्तीची पुंजी घेऊन गावी येतो. तो ताळेबंद तपासत नाही. तो पाटी वाचतो. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल व व्याज मिळून, 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही. पतसंस्था वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. अनेक संस्था सचोटीने चालतात. पण पतसंस्थेला बँक समजून ठेवलेला पैसा बुडाला, तर म्हातारपणाचा आधारच जातो.

'सहकारी' या शब्दाचेही तसेच. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याने तो शब्द, किंवा कोणत्याही भारतीय भाषेतील त्याचा पर्याय, नोंदलेल्या संस्थांसाठी राखून ठेवला आहे. 'लिमिटेड' हे शेपूटही नोंदणीवाचून लावता येत नाही.

मात्र कायद्याची यादी कितीही लांबविली तरी ती अपुरीच राहणार. एका विडीला संभाजी महाराजांचे नाव कित्येक वर्षे होते. 2020 मध्ये लोकांनी आवाज उठविला, तेव्हा कारखानदारांनी ते बदलण्याचे मान्य केले. कायद्याचे काम तेथे लोकमताने केले.

या साऱ्या नियमांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. ज्या शब्दावर लोक चौकशी न करता विश्वास टाकतात, तो शब्द कोणा एकाच्या गल्ल्यासाठी मोकळा सोडता येत नाही. तेव्हा आमच्या त्या तरुणाने आपल्या आईचे किंवा ग्रामदेवतेचे नाव खुशाल द्यावे. आणि आपण ठेव ठेवण्यापूर्वी पाटीवरचा शब्द नीट वाचावा, आणि त्यामागची नोंदणीही विचारावी.