दाताच्या इंजेक्शननंतर रेंगाळणारा बधिरपणा : समज, गैरसमज आणि काळजी

दात दुखू लागला की आपण आधी लवंग धरतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, दुकानातून गोळी आणतो आणि अगदीच असह्य झाले म्हणजे दाताच्या डॉक्टरांकडे जातो. तेथे इंजेक्शन देतात, ओठ जड होतो, काम होते आणि तीन ते पाच तासांत ओठ पूर्ववत होतो. बहुतेकांचा अनुभव एवढाच असतो. परंतु क्वचित एखाद्याचा ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर राहते. दिवसांमागून दिवस जातात आणि माणूस घाबरून जातो. मी कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने बँकेतील कारकून; वैद्यकाशी माझा संबंध नाही. मात्र या प्रसंगातून मी स्वतः गेलो, डॉक्टरांना प्रश्न विचारले, मिळेल ते वाचले. त्यातून जे समजले ते सभासद बंधू-भगिनींपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घडले ते असे

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या खालच्या डाव्या दाढेचे रूट कॅनल करावयाचे ठरले. इंजेक्शन देताना ओठापर्यंत विजेचा झटका बसल्यासारखे झाले. मी दचकलो, पण बोललो नाही. रात्री जेवताना भाताचे शीत हनुवटीला चिकटले होते ते मला कळले नाही, पत्नी म्हणाली, "अहो, तोंड पुसा." सकाळी उठलो तरी डावा ओठ आणि हनुवटी जणू दुसऱ्याची होती. दाढी करताना कापले, रक्त आरशात दिसले तेव्हा समजले. चहाने ओठ भाजला, तोही नंतर फोड आल्यावर कळला.

माझे काम काउंटरवरचे. शाळेत व्याकरणात शिकलेले ओष्ठ्य वर्ण, म्हणजे प, फ, ब, भ, म, यांचे महत्त्व मला तेव्हा पटले. पासबुक, भरणा, बचत, पाच हजार. बँकेचा निम्मा व्यवहार ओठांवरच चालतो! शब्द उच्चारले जात होते, पण बरोबर उच्चारले की नाही हे मलाच कळत नव्हते. ग्राहक काही म्हणत नसत. मीच तोंडावर हात धरून बोलू लागलो.

इथे माझी मोठी चूक झाली. मी त्या डॉक्टरांकडे परत गेलो नाही. रागही होता आणि संकोचही. वीस दिवस शेजाऱ्यांचे सल्ले ऐकण्यात घालविले. कोणी गरम शेक सांगितला, कोणी चोळण्याचे तेल दिले. एका वडीलधाऱ्यांनी तर बाजूला घेऊन हळूच विचारले, "हे दुसरं काही नाही ना?" त्यांच्या मनात कुष्ठरोगाची शंका होती.

ही शंका अनेकांच्या मनात येते म्हणून आधीच सांगतो. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. तो जंतू नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. त्यात त्वचेवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टे येतात आणि त्यावर खात्रीचे औषध आहे. इंजेक्शननंतरचा बधिरपणा हा मज्जातंतूच्या इजेचा प्रकार आहे. तो जंतूमुळे होत नाही आणि कोणाला लागतही नाही.

बधिरपणा येतो कसा?

शरीराला बधिर करण्याच्या औषधाचा इतिहास फार जुना नाही. १८८४ साली व्हिएन्ना येथे कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरून दाखविले. त्याच सुमारास अमेरिकेत डॉ. हॉलस्टेड यांनी जबड्याच्या मज्जातंतूजवळ सुई देऊन दात बधिर करण्याची पद्धत आणली. कोकेनची सवय लागते. स्वतः हॉलस्टेडही तिच्या आहारी गेले. पुढे प्रोकेन आले, आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले. आज आपल्याकडे दाताच्या इंजेक्शनमध्ये बहुधा हेच औषध असते.

मज्जातंतू म्हणजे निरोप नेणारी तार समजा. तिच्यातून सोडियमचे कण आत-बाहेर होतात तेव्हा निरोप पुढे जातो. औषध या कणांची दारे काही काळ बंद करते, म्हणून दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जात नाही. औषध रक्तात मिसळून ओसरले की दारे पुन्हा उघडतात.

वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असते, त्यामुळे तेथे दाताजवळ औषध टोचले तरी पुरते. खालच्या दाढांचे हाड जाड व घट्ट. म्हणून जबड्याच्या मागच्या बाजूस, मज्जातंतू हाडात शिरतो त्या जागेजवळ, औषध सोडावे लागते. हा तंतू खालचे दात, ओठ आणि हनुवटी यांची संवेदना नेतो. त्याच्या पुढेच, पातळ त्वचेखाली, जिभेचा तंतू असतो. इंजेक्शनने होणाऱ्या इजेत जिभेच्या तंतूचे प्रमाण अधिक आढळते. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाच्या चवीचे धागेही त्याच्याबरोबर जातात, म्हणून अशा रुग्णाची चवही बिघडते.

इजा कशी होते? सुईचे टोक तंतूला लागू शकते. तंतूच्या आवरणात रक्त साकळून दाब पडू शकतो. किंवा औषधाचाच तंतूवर विषारी परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांना तंतू डोळ्यांनी दिसत नाही. खुणांवरून अंदाजाने सुई द्यावी लागते. म्हणून उत्तम हात असलेल्या डॉक्टरांकडूनही असे होऊ शकते. झटका बसला म्हणजे इजा झालीच असेही नाही. झटका बसलेल्या बहुतेकांना पुढे काही होत नाही.

हे किती वेळा घडते? अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातील तज्ज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, अशा सुमारे २६ हजार ते १ लाख ६० हजार इंजेक्शनांमागे एकाला. म्हणजे अत्यंत क्वचित. पण ज्याला होते त्याच्यापुरते ते शंभर टक्केच असते.

भरून येण्याचा हिशेब

ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली मज्जातंतूच्या इजेचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात तार शाबूत असते, फक्त निरोप थांबतो. ही इजा दिवसांत किंवा काही आठवड्यांत बरी होते. दुसऱ्यात आतील धागा तुटतो पण बाहेरची नळी टिकते. धागा त्या नळीतून पुन्हा वाढतो. तिसऱ्यात सर्वच तुटते, आणि तो भाग आपोआप पूर्ण बरा होणे कठीण. इंजेक्शनच्या इजेत पहिले दोन प्रकारच बहुतेक वेळा असतात. म्हणूनच दहापैकी आठ-नऊ जणांना साधारण दोन महिन्यांत बरे वाटते.

धागा वाढण्याचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. जबड्याच्या मागून हनुवटीपर्यंत सात-आठ सेंटीमीटर अंतर धरले तर सत्तर-ऐंशी दिवस होतात. आमच्या भाषेत सांगायचे तर हे आवर्ती ठेवीसारखे आहे. रोजचा हप्ता अगदी लहान, मधेच खाते पाहिले तर काहीच वाढलेले दिसत नाही. हा हिशेब डॉक्टरांनी मला एकविसाव्या दिवशी समजावला. तो पहिल्या दिवशी समजला असता तर वीस रात्री झोप लागली असती.

बरे होताना मुंग्या येतात, खाज सुटते, कधी टोचल्यासारखे होते. पुष्कळदा हे संवेदना परत येत असल्याचे लक्षण असते. परंतु सतत जळजळ, किंवा नुसत्या वाऱ्यानेही कळ येणे, हे तंतूचे दुखणे आहे. ते सहन करीत बसू नये.

काय करावे?

पहिली गोष्ट, दुसऱ्या दिवशीही बधिरपणा असेल तर त्याच डॉक्टरांना कळवावे. कोणत्या बाजूला कोणते औषध, किती दिले, झटका बसला होता का, याची नोंद त्यांच्याकडून कागदावर घ्यावी. डॉक्टर कापूस, टोकदार व बोथट वस्तू, गार-गरम यांनी तपासून बधिर भागाची सीमा आखतात. हा नकाशा दर भेटीत ताडून पाहिला म्हणजे सुधारणा आहे की नाही हे कळते. घरी आपणही आठवड्यातून एकदा कापसाने तपासून वहीत तारखेसह नोंद करावी. सुईने टोचून पाहू नये.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. रूट कॅनल केल्यावर किंवा कृत्रिम दाताचा खिळा बसविल्यावर भूल उतरण्याच्या वेळेनंतरही बधिरपणा राहिला, तर त्याच दिवशी फोन करावा. औषधाचा मसाला किंवा खिळा तंतूवर दाबत असेल तर तो साधारण पहिल्या दीड दिवसात काढल्यास फायदा होण्याची शक्यता अधिक. माझ्या बाबतीत क्ष-किरण चित्रात तसे काही आढळले नाही. पण मी गेलो तो एकविसाव्या दिवशी, हे माझे नशीब म्हणायचे.

औषधांविषयी वाजवी अपेक्षा ठेवावी. जीवनसत्त्व ब-१२ च्या गोळ्या आपल्याकडे सर्रास देतात. शरीरात त्याची कमतरता असेल तर ती भरून काढणे योग्यच, पण त्यामुळे तंतू हमखास लवकर जुळतो असा भक्कम पुरावा नाही. जळजळ असेल तर तंतूच्या दुखण्याची वेगळी औषधे आहेत. ती तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत, नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा तेथे फारसा उपयोग होत नाही. इंजेक्शनच्या इजेत शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. दोन-तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर मुख शल्यचिकित्सकांना दाखवावे. नाशिककरांना पंचवटीतील दंत महाविद्यालय आहे. मुंबईत १९३३ पासूनचे नायर दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी सर्व विभाग एका छताखाली मिळतात.

तिसरी गोष्ट रोजच्या जपणुकीची. चहा चांगल्या बाजूने, आधी बोटाने कोमटपणा पाहून घ्यावा. शेक घेऊ नये, भाजल्याचे कळत नाही. जेवण सावकाश, दुसऱ्या बाजूने चावावे. जेवणानंतर आरशात ओठ, गाल, जीभ पाहून घ्यावी. चावल्याची जखम लवकर लक्षात येते. दाढी आरशात पाहूनच करावी. उच्चारासाठी आरशासमोर रोज दहा मिनिटे मोठ्याने वर्तमानपत्र वाचावे. ओठ हलविणारा तंतू वेगळा असतो आणि तो शाबूत असतो. म्हणून डोळ्यांनी पाहून व कानांनी ऐकून बोलणे सावरता येते. मला याचा फार उपयोग झाला.

चौथी गोष्ट, सगळा दोष इंजेक्शनवर टाकू नये. तोंड एका बाजूस वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. तत्काळ मोठ्या रुग्णालयात जावे. कोणतेही इंजेक्शन न घेता हनुवटी बधिर झाली, किंवा तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर तपासणी टाळू नये. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी तंबाखू आणि मिश्री घरोघर आहे. त्यांच्या बाबतीत तर मुळीच टाळू नये.

तक्रारीचा प्रश्न

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निर्णय दिला. आज २०१९ चा कायदा लागू आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. हा हक्क आपल्याला माहीत असावा. परंतु वाईट परिणाम झाला म्हणजे हलगर्जीपणा झाला असे नव्हे, हेही तितकेच खरे. माझी तक्रार एवढीच होती की धोका कोणी आधी सांगितला नाही. मी मात्र विचारलेही नव्हते, आणि झटका बसला तेव्हा बोललोही नव्हतो.

माझ्या भीतीची खरी किंमत

शेवटी, ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते सांगतो. माझी अवस्था पाहून आई म्हणाली, "तुझं तोंड बघून मी काही सुई टोचून घेणार नाही." तिची दाढ किडलेली होती. मी आग्रह केला नाही. खरे म्हणजे माझ्याही मनात भीतीच होती. दीड महिन्याने तिच्या जबड्याखाली सूज आली, ताप चढला, तोंड उघडेना, पाणी गिळवेना. रात्री रिक्षाने रुग्णालयात नेले. पू काढावा लागला, पाच दिवस तेथे राहावे लागले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सूज श्वासनलिकेवर दाबली असती.

माझ्या ओठाची इजा हजारांत नव्हे, लाखांत मोजावयाची. उपचार न केलेल्या दाढेचा धोका मात्र घराघरांत आहे. दुर्मीळ गोष्टीला भिऊन मी आईला नेहमीच्या धोक्यात लोटले. रोकड मोजताना अशी चूक मी कधी केली नसती.

आज दहा महिने झाले. ओठ पूर्ण जागा झाला आहे. हनुवटीवर अंगठ्याच्या नखाएवढा भाग अजून मंद आहे. तो तसाच राहील कदाचित. त्याची आता सवय झाली आहे. मागील महिन्यात उजवी दाढ भरून घेतली. इंजेक्शनपूर्वी डॉक्टरांना सारी हकीकत सांगितली, त्यांनी सावकाश औषध दिले, आणि "झटका बसला तर हात वर करा, मी सुई मागे घेईन" असे सांगितले. चार तासांत ओठ मोकळा झाला. आईही माझ्याबरोबर आली होती. तिने आपली दुसरी दाढ दाखविली.

सभासदांनी दातांची हेळसांड करू नये, विद्यार्थी मित्रांनी डॉक्टरांना प्रश्न विचारण्यास संकोचू नये, आणि कोणावर असा प्रसंग आलाच तर वीस दिवस वाया घालवू नयेत, एवढीच विनंती करून लेखणी थांबवितो.